सीतेची वेणी (आमरी)

सीतेची वेणी ही आमरी कुळातील, म्हणजेच ऑर्किड गटातील, एक बहुवर्षायू वनस्पती आहे. तिचे शास्त्रीय नाव रिन्कोस्टायलिस रेटुसा असे आहे. ही वनस्पती जमिनीत न वाढता मोठ्या वृक्षांच्या खोडांवर व फांद्यांवर वाढते. उन्हाळ्याच्या अखेरीस तिला पांढऱ्या-गुलाबी, जांभळट ठिपक्यांच्या फुलांचे दाट, वेणीसारखे लोंबते घोस येतात. पश्चिम घाटातील आमऱ्यांपैकी सामान्य लोकांना नावाने ठाऊक असलेल्या मोजक्या जातींत हिची गणना होते.

वनस्पती प्रसिद्ध असली तरी तिची ओळख अनेकदा चुकते. सह्याद्रीत त्याच हंगामात फुलणाऱ्या, गुलाबी रंगाच्या व लोंबत्या घोसांच्या आणखी काही आमऱ्या आहेत. शिवाय वर्षातील बहुतेक महिने या वनस्पतीवर फुले नसतात. फुलांचा रंग किंवा घोसाचा डौल यांवरून केलेली ओळख त्यामुळे विश्वसनीय ठरत नाही. फुलाच्या ओठासारख्या पाकळीची घडण आणि तिच्या मागील पिशवीची दिशा यांवरूनच खात्रीलायक निर्णय करता येतो. ही दोन्ही लक्षणे फूल न तोडता पाहता येतात.

## नाव व वर्गीकरण

वनवासात असताना सीतेने ही फुले वेणीत माळली, अशी लोकसमजूत आहे. त्यावरून ‘सीतेची वेणी’ हे नाव पडले. काही भागांत हिला द्रौपदीच्या नावानेही ओळखतात आणि हिंदीत ‘द्रौपदी माला’ असे म्हणतात. इंग्रजीतील ‘फॉक्सटेल ऑर्किड’ हे नाव घोसाच्या कोल्ह्याच्या शेपटीसारख्या आकारावरून आले आहे. ही सर्व लोकनावे लोंबत्या घोसांच्या इतर आमऱ्यांनाही लावली जातात. म्हणून केवळ स्थानिक नाव ऐकून जाती ठरविणे योग्य नाही.

कोचीनचा डच प्रशासक हेंड्रिक व्हान रीड याने सिद्ध केलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात १२ खंडांत प्रसिद्ध झाला. त्याच्या १२व्या खंडात ‘अंजेली मरवर’ या मलबारी नावाखाली या वनस्पतीचे वर्णन व चित्र आले आहे. या ग्रंथाच्या सिद्धतेत रंग भट, विनायक पंडित व आपू भट या तीन कोकणी वैद्यांचा सहभाग होता. कार्ल लिनीअस याने १७५३ मध्ये या जातीस ‘एपिडेंड्रम रेटुसम’ असे नाव दिले. पुढे १८२५ मध्ये कार्ल लुडविग ब्लूम याने ‘रिन्कोस्टायलिस’ ही नवी प्रजाती निर्माण करून जातीचा समावेश तीत केला.

‘रिन्कोस्टायलिस’ हा शब्द चोच व स्तंभ या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून बनला असून तो फुलातील चोचीसारख्या स्तंभास उद्देशून आहे. ‘रेटुसा’ या लॅटिन विशेषणाचा अर्थ बोथट व किंचित खाच असलेले टोक असा होतो. पानाच्या टोकाकडे पाहिल्यास या नावाचे प्रयोजन लक्षात येते. महाराष्ट्रात व गोव्यात या प्रजातीची हीच एक जाती नैसर्गिकरीत्या आढळते. त्यामुळे येथे प्रजाती निश्चित झाली की जातीही निश्चित होते.

## आढळ व अधिवास

भारत, श्रीलंका, नेपाळ, भूतान, बांगलादेश, म्यानमार, दक्षिण चीन तसेच थायलंडपासून इंडोनेशिया व फिलिपाईन्सपर्यंतच्या प्रदेशांत ही जाती आढळते. भारतात पश्चिम घाट, हिमालयाच्या पायथ्याचा प्रदेश आणि ईशान्येकडील राज्ये हे तिचे मुख्य प्रदेश आहेत. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग, रत्नागिरी, कोल्हापूर, सातारा इत्यादी जिल्ह्यांतील सह्याद्रीच्या पर्जन्यमय पट्ट्यात ती दिसते. गोव्यातील घाटालगतच्या वनांतही ती आहे.

निमसदाहरित आणि आर्द्र पानझडी वने हा तिचा आवडता अधिवास होय. तथापि ती दाट अरण्यापुरती मर्यादित नाही. देवराया, जुन्या वाड्यांचे परिसर, रस्त्याकडेचे जुने वृक्ष आणि आमराया अशा ठिकाणीही ती वाढते. आंबा, फणस, ऐन, जांभूळ यांसारख्या मोठ्या व खडबडीत सालीच्या वृक्षांवर तिचा आढळ असतो. भरपूर पण गाळीव प्रकाश आणि खेळती हवा तिला मानवते. म्हणून ती खोडाच्या अगदी तळाशी क्वचितच, तर मुख्य फांद्यांच्या बेचक्यांत किंवा आडव्या जाड फांद्यांवर अधिक प्रमाणात असते.

## बांडगुळाशी होणारी गल्लत

झाडावर वाढणारी प्रत्येक वनस्पती म्हणजे बांडगूळ, असा समज ग्रामीण व शहरी अशा दोन्ही भागांत प्रचलित आहे. बांडगूळ ही अर्धपरजीवी वनस्पती असून ती आपली शोषक मुळे आश्रयदात्या वृक्षाच्या लाकडात शिरवते आणि पाणी व खनिजे शोषून घेते. सीतेची वेणी ही अपिवनस्पती आहे. तिची मुळे सालीला बाहेरून घट्ट चिकटतात, पण आत शिरत नाहीत. पाऊस, दव, हवेतील आर्द्रता आणि सालीवर साठलेला पालापाचोळा यांतून ती आपली गरज भागवते. वृक्षाकडून तिला केवळ आधार मिळतो.

ही गल्लत टाळणे महत्त्वाचे आहे, कारण आमराईची साफसफाई करताना बांडगुळाबरोबर आमऱ्याही खरवडून काढल्या जातात. बांडगुळाला काष्ठमय फांद्या असलेल्या झुडपाचे रूप असते व ते फांदीला जुळते तेथे बहुधा गाठ दिसते. सीतेच्या वेणीला फांद्यांचा असा पसारा नसतो. तिची पट्ट्यासारखी जाड पाने व सालीवरून पसरलेली पांढरट, दोरीसारखी मुळे जमिनीवरूनही ओळखू येतात.

## वर्णन

मुळे : मुळे लांब, जाड, मांसल व पांढरट-करडी असतात. त्यांवर व्हेलामेन नावाचा सच्छिद्र थर असतो व तो पाणी झपाट्याने शोषून घेतो. पावसात भिजल्यावर या थरातून आतील हरितद्रव्य दिसू लागते आणि मुळे हिरवट भासतात. म्हणून मुळांच्या रंगाला ओळखीत फारसे महत्त्व देऊ नये.

खोड व पाने : खोड आखूड, जाड व बहुधा शाखाहीन असून जुन्या पानांच्या आवरणांनी झाकलेले असते. ते शेंड्याकडून सतत वाढत राहते. त्याला फुगीर आभासी कंद नसतात. पाने खोडाच्या दोन बाजूंना समोरासमोरच्या दोन रांगांत, एकमेकांना खेटून येतात. ती पट्ट्यासारखी, जाड, चिवट व बाहेरच्या बाजूस वाकलेली असतात. त्यांची लांबी साधारणतः १५ ते ४० सेंमी. व रुंदी २ ते ४ सेंमी. असते. पानाची घडण मधोमध पन्हळीसारखी खोलगट असते. टोक निमुळते नसून कुरतडल्यासारखे, दोन असमान खंडांत विभागलेले असते.

फुलोरा : फुलोरा पानांच्या बगलेतून निघतो व खाली लोंबतो. तो साध्या मंजरीच्या स्वरूपाचा, शाखाहीन व दंडगोल असून सामान्यतः २० ते ६० सेंमी. लांब असतो. एका मंजरीत शंभराहून अधिक फुले असू शकतात. ती दांड्याभोवती सर्व बाजूंनी इतकी दाट लागतात की दांडा जवळजवळ झाकला जातो.

फूल : प्रत्येक फूल सुमारे दीड ते दोन सेंमी. रुंद असते. बाहेरील तीन संदले व आतील दोन प्रदले पांढरी किंवा फिकट गुलाबी असून त्यांवर गुलाबी-जांभळे ठिपके असतात. तिसरे प्रदल रूपांतरित झालेले असते; त्यास ओष्ठ म्हणतात. ओष्ठाचा पुढील भाग अखंड, जिभेसारखा व गडद गुलाबी-जांभळा असतो. त्याला ठळक बाजूचे खंड किंवा झालर नसते. ओष्ठाच्या तळाशी बाजूंनी चपटा झालेला, पिशवीसारखा पोकळ भाग असतो. त्यास शुंडिका म्हणतात. ही पिशवी मागील दिशेस वळलेली असते. केसरदले व किंजदले एकत्र येऊन झालेला स्तंभ आखूड असतो आणि परागपुंज दोन असतात.

फळ व बीज : फळ हे कंगोरे असलेले बोंड असते. ते तडकल्यावर त्यातून धुळीसारखी असंख्य सूक्ष्म बीजे वाऱ्यावर पसरतात. या बीजांत अन्नसाठा नसतो. त्यामुळे योग्य कवकाची साथ मिळाली तरच ती रुजतात. नव्या रोपाला प्रथम फुले येण्यास काही वर्षे लागतात.

## बहराचा काळ

महाराष्ट्रात व गोव्यात बहर प्रामुख्याने मे व जून महिन्यांत, म्हणजे वळवाच्या सरी ते मॉन्सूनचे आगमन या काळात येतो. उंच व थंड जागी तो काहीसा लांबू शकतो. आसामात हीच जाती एप्रिलच्या सुमारास फुलते. इतर प्रांतांसाठी लिहिलेल्या पुस्तकांतील बहराचे महिने सह्याद्रीला जसेच्या तसे लागू होत नाहीत, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. हिवाळ्यात फुललेली, झाडावर वाढणारी आमरी दिसल्यास ती सीतेची वेणी नसून दुसरी जाती असण्याची शक्यता अधिक असते.

## ओळख पटविण्याचा क्रम

क्षेत्रीय निरीक्षणात पुढील क्रमाने लक्षणे तपासणे सोयीचे ठरते. पहिल्या चार पायऱ्यांनी शक्यता कमी होत जातात. अंतिम निर्णय पाचव्या व सहाव्या पायरीवर होतो.

१. वनस्पती झाडाच्या सालीवर वाढत आहे का आणि तिची मुळे सालीबाहेरच आहेत का?
२. खोडाला आभासी कंद आहेत का? असल्यास ती सीतेची वेणी नव्हे.
३. पाने दोन रांगांत, पट्ट्यासारखी व मधोमध खोलगट आहेत का आणि टोक असमान दोन खंडांचे आहे का? पाने सुईसारखी गोल असल्यास ती लुइसिया प्रजातीची वनस्पती असू शकते.
४. फुलोरा लोंबता, शाखाहीन व अतिशय दाट आहे का? फुलांमध्ये मोकळ्या जागा दिसत असल्यास पुढील तपासणी अधिक काळजीने करावी.
५. ओष्ठाचा पुढील भाग लहान, अखंड व जिभेसारखा आहे का? तो रुंद, पसरट, त्रिखंडी किंवा झालरदार असल्यास वनस्पती एरिडीस प्रजातीची असण्याची शक्यता असते.
६. फूल बाजूने पाहिल्यास पिशवी कोणत्या दिशेस आहे? सीतेच्या वेणीत ती मागे वळलेली असते, तर एरिडीसच्या बहुतेक जातींत शुंडिका ओष्ठाखालून पुढे वळते.

सहावी पायरी समोरून घेतलेल्या छायाचित्रावरून पूर्ण करता येत नाही. अनेक छायाचित्रांवरून जातीचा निर्णय होऊ शकत नाही, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

## साम्य असलेल्या जाती

एरिडीस मॅक्युलोसा : सर्वाधिक गल्लत या जातीशी होते. तिचीही फुले ठिपकेदार व गुलाबी असतात आणि बहराचा काळही जवळपास तोच आहे. मात्र तिची पाने लांबीच्या मानाने अधिक रुंद असतात. फुले विरळ व काहीशी मोठी असतात आणि फुलोऱ्याला कधीकधी शाखा फुटतात. ओष्ठ रुंद, पसरट व गुलाबी-जांभळा असून फुलात तोच प्रथम नजरेत भरतो. सीतेच्या वेणीत एकेका फुलापेक्षा संपूर्ण घोसच नजरेत भरतो.

एरिडीस क्रिस्पा : हिचे खोड बरेच लांब वाढते. फुले मोठी व सुवासिक असतात. ओष्ठ त्रिखंडी असून मधल्या खंडाची कडा झालरीसारखी असते. ही झालर दिसल्यास शंकेला जागा राहत नाही.

एरिडीस रिंजेन्स : हिची फुले लहान असल्याने दुरून फसगत होऊ शकते. परंतु फुलोरा तुलनेने आखूड व विरळ असतो आणि शुंडिका पुढे वळलेली असते.

सिंबिडियम बायकलर : हिचेही फुलोरे लोंबते व पाने पट्ट्यासारखी, चिवट असतात. मात्र पानांच्या तळाशी आभासी कंद असतात. फुले पिवळसर असून त्यांवर तांबूस-तपकिरी पट्टे असतात. ओष्ठाला शुंडिका नसते.

वांडा टेसेलाटा : मराठीत हिला रास्ना म्हणतात. फुले मोजकी व मोठी असून त्यांवर तपकिरी जाळीदार नक्षी असते. ओष्ठ निळसर-जांभळा असतो. फुले असताना गोंधळ होत नाही, पण फुले नसताना पानांवरून तो होऊ शकतो.

अकॅम्पे प्रीमॉर्सा : पाने जाड, ताठ व मांसल असतात. फुले लहान, पिवळी व तांबूस पट्ट्यांची असून आखूड फुलोऱ्यात येतात. ही जाती हिवाळ्याच्या सुमारास फुलते.

## फुले नसताना ओळख

बहर संपल्यावरही काही खुणा उरतात. लोंबत्या मंजरीचा वाळलेला दांडा काही काळ वनस्पतीवर टिकतो. त्यावर फुले गळून पडल्याच्या जागा अतिशय जवळजवळ दिसतात. त्याच दांड्यावर कंगोरेदार बोंडे असल्यास ओळखीला अधिक आधार मिळतो. खोलगट, वाकलेली पाने आणि असमान द्विखंडी टोक ही लक्षणे त्यास पूरक ठरतात.

तरीही केवळ पानांवरून ‘रिन्कोस्टायलिस रेटुसा’ असे निश्चित लिहिणे टाळावे. एरिडीस व वांडा प्रजातींतील काही जातींची पाने, विशेषतः अपुऱ्या किंवा तीव्र प्रकाशात वाढलेली, फसवी असतात. अशा वेळी ‘पट्ट्यासारख्या पानांची, आभासी कंद नसलेली अपिवनस्पती आमरी’ अशी नोंद करावी आणि बहराच्या काळात त्याच झाडाकडे पुन्हा जाऊन ती पूर्ण करावी. आमऱ्या वर्षानुवर्षे एकाच जागी राहत असल्यामुळे हे सहज शक्य असते.

## नोंद व छायाचित्रण

उपयुक्त नोंदीसाठी किमान पाच छायाचित्रे असावीत : आश्रयदात्या वृक्षासह संपूर्ण वनस्पती, पानाचे टोक, संपूर्ण मंजरी, फूल समोरून आणि फूल बाजूने. शेवटच्या छायाचित्रात शुंडिका स्पष्ट दिसली पाहिजे. वनस्पती उंचावर असल्यास दुर्बीण किंवा दूरचे टिपणारे भिंग वापरावे. फांदी वाकविणे किंवा मंजरी तोडणे टाळावे. वाऱ्याने खाली पडलेली फुले तपासण्यास हरकत नसते. वृक्षाची जाती, जमिनीपासूनची अंदाजे उंची, दिनांक आणि परिसराचे स्वरूप यांचीही नोंद करावी. आमऱ्यांची रानातून चोरी होत असल्याने नेमके स्थान सार्वजनिक करू नये. तालुका किंवा जिल्हा एवढा उल्लेख पुरेसा असतो.

पूर्वीच्या मुंबई राज्याच्या प्रदेशातील आमऱ्यांच्या अभ्यासासाठी एच. सांतापाव व झेड. कापडिया यांचा ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ (१९६६) हा ग्रंथ महत्त्वाचा मानला जातो.

## संवर्धन

अधिवासाचा नाश, जुन्या वृक्षांची तोड आणि शोभेसाठी होणारी उचल हे या जातीपुढील मुख्य धोके आहेत. एक जुना आंबा किंवा फणस तोडला गेला की त्यावर अनेक वर्षे वाढलेल्या सर्व आमऱ्या एकाच वेळी नष्ट होतात. नवे झाड लावले तरी त्याची साल आमरीच्या बीजाला धरून ठेवण्याइतकी खडबडीत होण्यास आणि रोप फुलण्यास मोठा काळ जातो. तोडल्या जाणाऱ्या वृक्षावरील आमरी फुले नसतानाही ओळखता आली, तर ती वनविभागाच्या मार्गदर्शनाने जवळच्या वृक्षावर हलविता येते. वृक्षतोड बहुधा बहराच्या काळाबाहेर होत असल्याने फुलाविना ओळखण्याचे ज्ञान येथे प्रत्यक्ष उपयोगी पडते.

रानातून उपटून आणलेली वनस्पती घरी अनेकदा तग धरत नाही. उपटताना सालीला चिकटलेली मुळे तुटतात आणि कुंडीतील मातीत ती कुजतात. मंजरी तोडल्यास वनस्पती वाचते. पण त्या वर्षीची सर्व बोंडे व बीजे मात्र जातात.

आमरी कुळातील बहुसंख्य जातींप्रमाणे ही जातीही साइट्स या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समाविष्ट आहे. त्यामुळे तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांतून परवानगीशिवाय वनस्पती काढण्यास मनाई आहे.

## सांस्कृतिक महत्त्व

आसाम व अरुणाचल प्रदेश या दोन्ही राज्यांचे हे राज्यफूल आहे. आसामात हिला ‘कोपौ फूल’ म्हणतात. रोंगाली बिहू या वसंतोत्सवात नृत्य करणाऱ्या स्त्रिया ही फुले अंबाड्यात माळतात. सह्याद्रीतील ‘वेणी’ हे नाव आणि आसामातील प्रथा यांत केसांत माळण्याची कल्पना समान आहे.

## हेही पहा

- आमरी
- अपिवनस्पती
- बांडगूळ
- देवराई
- पश्चिम घाट